पाऊण तासाची किंमत

लांब पल्ल्याच्या बिझनेस जेटचं माहितीपत्रक कधी हाती आलंच, तर चामड्याच्या खुर्च्यांचे फोटो नंतर बघा. आधी तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या अटी वाचा. गल्फस्ट्रीम जी650ईआरचा पल्ला 7,500 सागरी मैल, म्हणजे सुमारे 13,900 किलोमीटर. पण तो केव्हा? प्रवासी आठ, कर्मचारी चार, वारा अजिबात नाही आणि वेग मॅक 0.85, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या 85 टक्के. तोच वेग 0.90 केला, की पल्ला उतरतो 11,850 किलोमीटरवर.

आता मुंबई ते न्यूयॉर्क घ्या. सरळ मार्गाने साडेबारा हजार किलोमीटर. 0.85ने निघालात तर न थांबता पोचाल. 0.90ने निघालात तर पाऊण तास वाचायला हवा. पण वाटेत कुठेतरी उतरून इंधन भरावं लागेल, आणि त्यात तो पाऊण तास जाऊन वर उशीरच होईल. कोट्यवधी डॉलर मोजूनही घाई करता येत नाही, हे मला या विमानांतलं सगळ्यात गमतीचं वाटतं.

असं का होतं? विमान ध्वनीच्या वेगाच्या खाली असलं, तरी पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा काही ठिकाणी त्या वेगाला ओलांडते. तिथे आघात-तरंग तयार होतात आणि विरोध एकदम वाढतो. नासातल्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी पंखाची पाठ जरा सपाट करून हा क्षण पुढे ढकलला. पंखाच्या टोकाला उभे कान दिसतात, त्या विंगलेटमागेही त्यांचंच संशोधन. आजची ही सगळी विमानं व्हिटकॉम्ब यांची ऋणी आहेत. त्यांचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं.

दुसरी गोष्ट इंजिनाची. 1963मध्ये उडालेल्या लिअरजेट 23ला लढाऊ विमानाच्या घराण्यातलं टर्बोजेट इंजिन होतं: वेग झकास, भूक राक्षसी. तीन हजार किलोमीटरच्या आतच टाकी संपायची. पुढे टर्बोफॅन आले. त्यांत बरीचशी हवा ज्वलनकक्षात न जाता बाहेरून मागे ढकलली जाते, आणि तेवढाच जोर कमी इंधनात मिळतो. नव्वदच्या दशकात उद्योगपतींना न्यूयॉर्क–टोकियो हे अंतर एका झेपेत हवं होतं. गल्फस्ट्रीम फाइव्ह 1995मध्ये उडालं, बॉम्बार्डियरचं ग्लोबल एक्सप्रेस 1996मध्ये. एकमेकांवर तुटून पडलेल्या या दोन कंपन्यांच्या विमानांना इंजिन मात्र एकच, बीआर710, बर्लिनजवळ बनणारं!

तिसरी गोष्ट टाकीची. जी650ईआर पूर्ण भरून धावपट्टीवर उभं राहतं तेव्हा वजन सुमारे 47 टन, आणि त्यातलं जवळपास 22 टन इंधन. अर्धं विमान म्हणजे टाकीच म्हणा ना! एवढ्या ओझ्यानिशी ते लगेच फार उंच जाऊ शकत नाही. इंधन जळेल तसं हलकं होत ते पायरीपायरीने चढतं, शेवटी 51,000 फुटांपर्यंत. म्हणजे नेहमीच्या प्रवासी विमानांच्याही वर.

या विमानांवर टीका होते, आणि ती मला रास्त वाटते. एक किलो इंधन जळलं की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत उडालात तर साठ टनांच्या वर, आणि तोही आठ जणांसाठी. गंमत अशी, की अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने असंच एक गल्फस्ट्रीम फाइव्ह शास्त्रज्ञांना दिलं. 2009 ते 2011 या काळात ते पॅसिफिकवर ध्रुवाजवळून ध्रुवाजवळ, वर-खाली झोके घेत हिंडलं. कशासाठी? हवेतला कार्बन मोजायला. एवढा पल्ला आणि एवढी उंची दुसरं कोण देणार होतं?

स्पर्धा थांबलेली नाही. ग्लोबल 7500ने 2019मध्ये सिडनी ते डेट्रॉइट हे पंधरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता कापलं. आता आकडे आठ हजार सागरी मैलांचे ऐकू येतात. त्यापुढे फार जावं असं मला वाटत नाही; पृथ्वीच्या पाठीवर कोणतीही दोन ठिकाणं घ्या, त्यांच्यात वीस हजार किलोमीटरहून फारसं अधिक अंतर नसतंच, आणि कामाची बहुतेक शहरं आताच टप्प्यात आहेत.

आपल्याकडची बातमी थोड्या छोट्या विमानाची आहे. नागपूरच्या मिहानमध्ये दासो आणि रिलायन्स यांच्या कारखान्यात फाल्कन 2000चे भाग बनतात. अख्खं विमान तिथेच जोडायचं, असं 2025मध्ये जाहीर झालं आणि 2028 हे वर्ष सांगितलं गेलं. फ्रान्सबाहेर फाल्कन जोडलं जाण्याची ही पहिलीच वेळ असेल. त्याचा पल्ला सुमारे 7,400 किलोमीटर. मुंबई ते लंडन साधारण 7,200. कागदावर जमतं. पण पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, हिवाळ्यात तर फारच. तेव्हा थेट जायचं की मध्ये उतरायचं, हे वैमानिक त्या दिवशीचं हवामान पाहूनच ठरवणार.