ड्राउट आणि फॅमिन

मराठीत आपण ‘दुष्काळ’ या एकाच शब्दावर पुष्कळ भागवतो. पाऊस दडी मारून बसला तरी दुष्काळ, पोटाला मिळेनासे झाले तरी दुष्काळ, आणि अतिवृष्टीने पीक कुजले तर तोही दुष्काळच, फक्त ओला! इंग्रजीत मात्र येथे दोन निराळे शब्द आहेत : ड्राउट आणि फॅमिन. मुले दोहोंपुढे ‘दुष्काळ’ एवढेच लिहून ठेवतात आणि उत्तरात जो आठवेल तो ठोकून देतात.

पहिल्याचा उच्चार ‘ड्राउट’ असा करावा. स्पेलिंगमधली ‘जीएच’ ही अक्षरे मुकी आहेत. कोरडा या अर्थाचा ‘ड्राय’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे हा शब्द आभाळाविषयी आणि जमिनीविषयी बोलतो. ‘फॅमिन’चे मूळ लॅटिन, आणि त्या मुळाचा अर्थ भूक. तो माणसाच्या पोटाविषयी बोलतो. म्हणून शिक्षकबंधूंनो, ओल्या दुष्काळाला कोणी ‘वेट ड्राउट’ लिहिले तर थांबवा. इंग्रज माणसाला ते ‘ओले कोरडेपण’ असे ऐकू येईल.

आता, एक आले की दुसरे येतेच असे नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला. हवा दमट, पाण्याची वाण नाही. तरी सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि रोगराईने गेली. १९४३ चा बंगाल घ्या. आदल्या वर्षीचे वादळ, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने थांबलेला तांदूळ, युद्धकाळची महागाई, यांनी तांदळाचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर नेला. मृतांचा आकडा सरकारी आयोगाने १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. आणि पाहा, ‘फॅमिन कोड’ हाताशी असूनही सरकारने त्याप्रमाणे फॅमिन जाहीर केलाच नाही! शब्द उच्चारला असता तर मदतीची सारी जबाबदारी अंगावर आली असती.

उलट आपला १९७२ चा दुष्काळ. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. खडी फोडणे, सुकडी, अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, सगळे सांगतील. विहिरी आटल्या, जनावरे गेली, लोकांचे अतोनात हाल झाले. पण १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि हाती मजुरी पडत होती. बंगालसारखे मरण ओढवले नाही. तो भयंकर ड्राउट होता. त्याला फॅमिन म्हणणे माझ्या मते बरोबर नाही.

त्याआधीच, १९६३ साली, महाराष्ट्राने खास कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला होता. सरकारी कागदांत ‘टंचाई’ रुळली ती अशी. हेतू चांगला असेलही. पण कोणी खरोखर उपाशी असेल, तर अर्ज लिहून देणाऱ्या गुरुजींनी ‘टंचाई’वर थांबू नये.

उद्या वर्गात दोन वाक्ये द्या. ‘यंदा माणदेशात पाऊस नाही.’ ‘दुकानात धान्य आहे, पण ते घ्यायला पैसा नसल्याने माणसे मरत आहेत.’ दुसऱ्यापुढे ‘ड्राउट’ लिहिणारी मुले बरीच निघतील. त्यांना बंगालची हकीकत सांगा.