जुन्या गाडीची बॅटरी का उतरते?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही मात्र जुन्या मोटारगाडीच्या बॅटरीचा विषय मागून घेतला. आमचे शिक्षण गॅरेजांतून आणि रात्रीच्या वाचनातून झाले. तिथे शिकलेली एक गोष्ट आम्हांला चळवळीतही उपयोगी पडली. ती अशी की, चौकशीवाचून कोणाला बडतर्फ करू नये. मग तो माणूस असो की यंत्राचा भाग.

अँबॅसिडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निघून गेली. तरी या गाड्या जिवापाड जपणारी माणसे आपल्या गावात आहेत. सकाळी सेल्फ मारावा, 'टक' असा आवाज यावा आणि गाडी ढिम्म राहावी, हा अनुभव त्यांतल्या प्रत्येकाला आहे. मग 'बॅटरी गेली' असा निकाल होतो आणि नवी बॅटरी येते. पंधरा दिवसांनी तीही उतरते.

बॅटरी ही विजेची विहीर नव्हे, तो रांजण आहे. रांजण रिकामा सापडला तर कारणे तीनच. एक तर रांजणालाच चीर असेल, नाहीतर भरणारा पुरते पाणी आणत नसेल, नाहीतर रात्री कोणी पाणी उपसत असेल. चौकशी याच क्रमाने करावी.

प्रथम रांजण पाहू. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. ती पूर्ण चार्ज करून रात्रभर स्वस्थ ठेवली, तर सकाळी मीटरने १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवावे. १२.२ म्हणजे निम्मी उतरली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधले अॅसिड तपासावे. पाच सेल १.२६० दाखवतात आणि सहावा १.१८० वर अडतो, तर दोष त्या सेलचा. सहाही सारखेच खाली असतील, तर बॅटरी निर्दोष असण्याचा संभव मोठा आहे. ती उपाशी आहे, एवढेच. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढावी. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी सैल नाही ना, हेही पाहावे. पुष्कळदा बॅटरी भरलेली असते आणि गंजलेली पट्टी करंट अडवून धरते.

आता भरणाऱ्याकडे वळू. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाडीचा आड म्हणजे डायनामो. इंजिन जरा वेगात ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावावा. आकडा १४ व्होल्टच्या आसपास चढला तर चार्जिंग ठीक. तो साडेबारालाच बसून राहिला तर आधी फॅनबेल्ट दाबून पाहावा. अर्ध्या इंचापेक्षा फार दबत असेल तर पट्टा घसरतो. त्यानंतर डायनामोचे कार्बन झिजलेत का, कम्युटेटर काळा पडला आहे का, हे पाहावे. रेग्युलेटरचा नंबर त्याच्यामागून. उलट आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बॅटरीला नको तेवढे पाजतो आहे. पाणी वारंवार आटू लागले की हीच शंका घ्यावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिन मंद चालत असताना डायनामो पुरेशी वीज देत नाही. लाल दिवा मिणमिणतो, तो स्वभाव आहे, रोग नव्हे. दिवे लावून गर्दीत तासभर रांगणारी गाडी रांजणातलेच पाणी पिते. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून 'गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग ठीक' असे सांगणारे उस्ताद भेटतील. त्यांना हात जोडावेत. बॅटरी निघाली की व्होल्टेज बेलगाम होते आणि बल्ब उडतात. गाडीला पुढे आल्टर्नेटर बसवला असेल तर त्याचे डायोड जळतात.

तिसरा प्रश्न रात्रीच्या चोराचा. सर्व दिवे, चावी, दारे बंद करावीत. बॅटरीची अर्थची तार सोडवावी. जुन्या इंग्रजी धर्तीच्या काही गाड्यांत धन टोक अर्थला असते, म्हणून आधी खूण पाहावी. त्या तारेच्या आणि बॅटरीच्या टोकामध्ये बारा व्होल्टचा लहान बल्ब जोडावा. बल्ब पेटला तर कुठेतरी करंट झिरपतो आहे. मग एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने बल्ब विझेल, त्या वाटेवर चोर आहे. नुसता पाच वॅटचा दिवा चुकून पेटता राहिला, तर तासाला सुमारे ०.४ अँपिअर-तास खर्च होतो. चाळीस अँपिअर-तासाची चांगली बॅटरीही अशाने चार दिवसांत रिकामी होते.

सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटताच राहिला तर? १९९४ साली एका वाहतूकदाराकडे आमच्या सभासदांची अशीच तक्रार होती. मासिक पगारावरच्या एका चालकाच्या गाडीत चौदा महिन्यांत तिसरी बॅटरी बसली. मालकाने 'निष्काळजीपणा' असा शिक्का मारून तिची किंमत पगारातून हप्त्याहप्त्याने कापायला सुरुवात केली. घरात तीन मुले, आणि महिन्याचा किराणा त्याच पगारावर. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट होते की, नुकसानीबद्दल कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. संधी दिली नव्हती. पण नुसत्या कलमाने मालकाचे मन वळत नाही, हे आम्ही जाणून होतो. आम्ही एका वयस्कर वायरमनला सोबत नेले. त्याने सर्वांसमक्ष बल्ब जोडला. बल्ब लख्ख पेटला. फ्यूज काढले, तरी पेटलेलाच. मग त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कटआउटच्या डबीवर हलकेच टिचकी मारली. बल्ब विझला.

कटआउट हा डायनामो आणि बॅटरी यांमधला दरवाजा. डायनामो वीज देतो तोवर तो उघडा, इंजिन थांबताच बंद. त्याचे पॉइंट जळून कधीकधी चिकटत होते, आणि बॅटरी उलट डायनामोत रिकामी होत होती. चालक रात्री घरी झोपलेला. तो यात काय करणार? कापलेले पैसे परत मिळाले. कुणी घोषणा दिली नाही. असे पॉइंट चिकटल्याचे दिसले तर बॅटरीची तार ताबडतोब काढावी, नाहीतर वायरिंग तापून पेट घेईल.

ही चौकशी करताना जिवाची काळजी घ्या. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. अॅसिडपासून डोळे जपा. अर्थची तार काढताना पहिली, जोडताना शेवटची.

आणि शेवटचे. बॅटरीत शिसे असते. निष्कारण फेकलेली बॅटरी पुष्कळदा कुठल्यातरी झोपडपट्टीच्या कडेला फोडली जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळते. त्याचा धूर तिथल्या कामगाराच्या आणि त्याच्या लेकरांच्या रक्तात जातो. लहान मुलांच्या मेंदूला शिसे कायमची इजा करते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून रीतसर पुनर्वापराला धाडण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण ती भंगारवाल्याला न देता दुकानदाराकडे परत करावी. त्याहून बरे म्हणजे, जी अजून कामाची आहे तिला काढूच नये. बारा व्होल्टचा एक बल्ब आणि अर्ध्या तासाचा धीर एवढे त्याला पुरते.