कुपा कशाने धरला?

2017च्या अखेरीस ओमानजवळ शास्त्रज्ञांनी हंपबॅक जातीच्या एका देवमाशाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान. तिचे जातभाई इतर समुद्रांतून ध्रुवाकडे ये-जा करतात. अरबी समुद्रातले मात्र बारमाही इथंच राहतात. लुबान समुद्र ओलांडून थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याशी आली. गोव्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी या देवमाशांचं गाणंही टिपलंय. ओमानजवळ मोजदाद झाली तेव्हा त्यांची संख्या शंभराच्या आत निघाली. फोटो तपासले, तर 30 ते 40 टक्क्यांच्या शेपटीच्या बुडाशी जाळ्यात अडकल्याचे वण!

ही जाळी देवमाशासाठी नसतात. कुपा, सुरमई यांच्यासाठी असतात. गिलनेट म्हणजे रात्रभर पाण्यात वाहत राहणारी नायलॉनची भिंत. देवमासा काय, डॉल्फिन काय, श्वास हवेतच घेणार. अडकला की वर येता येत नाही, गुदमरतो. थोराड देवमासा निदान जाळं तोडून निसटू शकतो, डॉल्फिनला ते जमत नाही. 1950 ते 2018 या काळात हिंदी महासागरात कुप्याच्या गिलनेटांत सुमारे 41 लाख जीव सापडले असावेत, बहुतेक डॉल्फिन, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

म्हणून मासे सोडा, असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर कोण ऐकतंय! पण तोच कुपा लक्षद्वीपला गळाने धरतात. बारीक जिवंत मासे पाण्यात फेकायचे, कुपे गोळा झाले की काठीच्या गळाने एकेक उचलून होडीत टाकायचा. डॉल्फिन, कासव त्यात सहसा येतच नाही. मालदीवमध्येही हीच रीत. पाकिस्तानात गिलनेट पृष्ठभागापासून दोनेक मीटर खाली सोडून पाहिलं, तर डॉल्फिन अडकणं खूप घटलं.

बाजारात बर्फावर दोन्ही कुपे सारखेच दिसतात. तेव्हा विचारायचं, “मावशी, जाळ्याचा की गळाचा?” पहिल्यांदा हसतील. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की बोटवाल्यालाही विचारतील.

सगळा भार गिऱ्हाइकावर टाकणंही बरोबर नाही. संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं, तर महाराष्ट्रात 2018पासून मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. त्यासाठी जीव सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. ऐकणाऱ्या तांडेलांनी मोबाइल चार्ज करूनच बोट बाहेर काढावी.