गाडीचं छत आणि आपण

(वेवजी येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी कायद्यावर नाही, गाडीच्या छतावर बोलणार आहे. संस्थेची जुनी गाडी तुम्ही पाहिलीच आहे. मारहाण झालेल्या बाईला घेऊन रात्री-अपरात्री आपण तिच्यातूनच तलासरीला जातो. गेल्या पावसाळ्यात छताचं कापड लोंबू लागलं. आम्ही टाचण्या लावल्या. एका रात्री वळणावर त्या निसटल्या आणि कापड गाडी चालवणाऱ्या ताईंच्या डोळ्यांवर आलं. मागे जखमी बाई होती. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावलं.

गॅरेजवाला म्हणाला, "गाडीच्या मालकाला पाठवा." मालक आम्हीच होतो! मग ठरवलं, आपणच करायचं.

कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो आणि तो पुठ्ठ्यासारख्या साच्याला चिकटवलेला असतो. ऊन आणि आपल्याकडची दमट हवा यांनी वर्षानुवर्षांत फोमचा भुगा होतो. वरून कितीही चिकटवा, ते भुग्यालाच चिकटतं आणि कापड पुन्हा खाली येतं. म्हणून दिवा, धरायच्या कड्या काढून साचाच बाहेर घेतला. तो वाकला तर मोडतो, म्हणून चौघींनी धरला. नाकतोंड बांधून मऊ ब्रशने सगळा भुगा झाडला. फोम लावलेलं नवं कापड चारी बाजूंनी चार बोटं जास्त ठेवून कापलं. उष्णता सोसणारं रबर सोल्युशन दोन्हीकडे लावलं, थोडं सुकू दिलं आणि मधून कडेकडे तळव्याने दाबत नेलं. रात्रभर तसंच ठेवलं. हे काम उघड्यावरच करा. वाफ डोक्यात जाते, पेटही घेते. जवळ चूल-विडी नको, गरोदर बाई नको.

या कामात सर्वांत सफाईदार हात चालला तो उंबरगावच्या कारखान्यात जाणाऱ्या आपल्या एका वारली बहिणीचा. एक सुरकुती पडू दिली नाही तिने. मला मात्र लाज वाटली. तीन वर्षं ती सभेला येते आणि आम्ही तिला फक्त सतरंज्या घालायला सांगत होतो. गॅरेजवाल्याने आम्हाला जे केलं, तेच आम्ही तिला करत होतो.

आता पान्यांची पेटी तिच्याकडे आहे आणि ती गाडी चालवायला शिकते आहे. परत गेल्यावर तुम्हीही एवढं पाहा: तुमच्या संघटनेत सतरंज्या कोण घालतं, आणि चावी कोणाकडे असते?