पस्तीस गुण आणि चार ओळींचा अर्ज
(वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)
– एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



‘शाळेचा दर्जा व विद्यार्थ्यांची शिस्त’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आहे. या विषयावर बोलणे सोपे आहे. मुले अभ्यास करीत नाहीत असे म्हणावे, पालक लक्ष देत नाहीत असे म्हणावे आणि खाली बसावे. पण असे भाषण ऐकून कोणाच्याही घरात काही बदलत नाही. म्हणून आज मी सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक माजी विद्यार्थी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत घेण्यासाठी कार्यालयात आला होता. क्लार्कसाहेबांनी त्याला कोरा कागद दिला आणि अर्ज लिहायला सांगितले. मुलगा कागद समोर ठेवून पेन हातात धरून बसला. मी तास संपवून आलो तेव्हाही तो तसाच बसलेला होता. मला पाहून उठला, सलाम केला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, तुम्हीच लिहून द्याल का?”

मी त्याला मराठी शिकवले होते. दहावीला मराठीत त्याला पस्तीस गुण होते. लेखी परीक्षेत सतरा आणि अंतर्गत मूल्यमापनात अठरा. ते अठरा गुण माझ्या हातचे होते. ते देताना मी त्याचे वाचन ऐकले नव्हते, त्याची वही उघडली नव्हती. “गरीब घरचा मुलगा आहे, पास होऊन जाऊ दे,” एवढाच विचार केला होता. मला वाटले होते मी त्याच्यावर उपकार केला. त्या दिवशी त्या कोऱ्या कागदाने मला सांगितले की तो उपकार नव्हता.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि अर्ज त्याच्याकडूनच लिहून घेतला. चार ओळींना पाऊण तास लागला. तोच पाऊण तास मी त्याला इयत्ता नववीत दिला असता तर?

पालक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट एकट्या माझी नाही. आपल्या राज्याच्या दहावीच्या निकालाचे आकडे पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता, हे खरे आहे. २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के!

आता मला सांगा, २०१९ मध्ये महाराष्ट्रातील मुले एकाएकी मंद झाली होती काय? आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली काय? मुले तीच, गावे तीच, शिक्षकही आम्हीच. अंतर्गत मूल्यमापन ही पद्धत मुळात चांगली आहे. ज्या मुलाला लिहिता येत नाही पण बोलता येते, त्याचे बोलणे ऐकावे, त्याचे पाठांतर, वाचन, स्वाध्याय पाहावा, यासाठी ते वीस गुण आहेत. पण न ऐकता, न पाहता ते वाटले गेले तर तो दर्जा नव्हे, तो खैरातीचा शिधा झाला. आणि हे गुण वाटताना शिक्षक एकटा नसतो. निकालाची टक्केवारी फलकावर लावायची असते, म्हणून संस्था मागे उभी असते. “सर, जरा सांभाळून घ्या,” म्हणणारे पालक समोर उभे असतात. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. चार बोटे माझ्याकडेच वळलेली आहेत.

काही पालक मला स्पष्ट सांगतात, “सर, पोराला कलेक्टर व्हायचं नाही. आखातात मामाकडे जायचंय. दहावीचा कागद मिळाला की झालं.” त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. आपल्या कोकणात अशी किती घरे आहेत की जी दुबई, कुवेत, सौदीच्या पैशावर उभी राहिली. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शेरा पडत नाही, आणि मग आखातात नोकरीला जाताना सरकारी उत्प्रवास तपासणीतून जावे लागत नाही, हेही आपणा सर्वांना माहीत आहे.

पण या शेऱ्याचा अर्थ आपण नीट लक्षात घेतला आहे काय? कमी शिकलेल्या माणसाची परदेशात फसवणूक होऊ नये, त्याचा करार, पगार, मालक कोणीतरी तपासून पाहावा, यासाठी ती तपासणी आहे. दहावी झालेला माणूस आपला कागद आपण वाचील, नाही समजले तर विचारील, असे सरकार धरून चालते. आता ज्याला चार ओळी लिहिता येत नाहीत त्याला आपण सर्वांनी मिळून पस्तीस गुण देऊन पास केले, तर आपण काय केले? त्याच्या डोक्यावरची सरकारी छत्री काढून घेतली आणि त्याच्या हातात मात्र काहीच दिले नाही. दहावीचा कागद आणि दहावीचे ज्ञान या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कागदावर विमानात बसता येते. उतरल्यावर ज्ञानच लागते.

आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, ती राज्याच्या ७६.९ टक्के या सरासरीपेक्षा थोडी अधिकच होती. म्हणजे अक्षर आपल्या घरात आलेले आहे. १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. सावित्रीबाई फुले यांनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. सावित्रीबाई माहेरी आजारी असताना पुण्यातील कामाचा भार जिच्यावर पडला ती ही फातिमा. मुलींच्या शाळेसाठी शेणगोळे झेलण्याच्या काळात आपल्यातली एक स्त्री त्या कामात उभी होती. आपल्या वाडवडिलांनी शाळेचा दरवाजा उघडला. दरवाज्यातून आत गेल्यावर आपण काय शिकतो, किती शिकतो, दहावीनंतर किती मुले-मुली पुढे टिकतात, हा आपल्या पिढीचा प्रश्न आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते की वरच्या वर्गांकडे जाऊ लागले की आपली मुले गळत जातात. पाया कच्चा ठेवून वर ढकललेले मूल अकरावीत गळते. मग आपण म्हणतो, नशीब!

आता शिस्तीविषयी. आपल्याकडे तालीम आणि तरबियत हे दोन शब्द जोडीने येतात. तालीम शाळा देते, तरबियत घर देते, असे मानून आपण कामाची वाटणी करून टाकली. ही वाटणी चुकीची आहे. शाळेत तरबियत नसेल तर तालीम टिकत नाही, आणि घरात तालमीची कदर नसेल तर तरबियत अपुरी राहते.

पहिली गोष्ट हजेरीची. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. पुष्कळांना हा आकडा कडक वाटतो. हिशेब करून पाहा. वर्षात २२० दिवस शाळा भरली असे धरले, तर ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. म्हणजे ५५ दिवस गैरहजर राहूनही मूल नियमात बसते! ५५ दिवस म्हणजे शाळेचे दोन महिने. ही सवलत आजारपणासाठी आहे. अब्बा रजेवर घरी आले म्हणून आठ दिवस, खालाच्या मुलीचे लग्न म्हणून सहा दिवस, मुंबईला पाहुणे सोडायला म्हणून चार दिवस, अशी ती खर्च करायची नसते. वर्षभराने घरी आलेल्या बापाला मुले जवळ हवीशी वाटतात, हे कोणाला कळणार नाही? पण त्या बापाने मुलाचे बोट धरून त्याला शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडले, वर्गशिक्षकाला दोन मिनिटे भेटला, तर ती आठवण मुलाला आयुष्यभर पुरेल.

दुसरी गोष्ट वाहनाची. नववी-दहावीची मुले मोटारसायकलवर शाळेत येताना मी पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. पण मी कायद्याची भीती घालत नाही. घाटरस्त्यावरचे वळण कायदा विचारीत नाही.

तिसरी गोष्ट कॉपीची. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात १९८२ पासून कायदा आहे, पथके येतात, बंदोबस्त असतो. तरीही खिडकीखाली कोण उभे असते? परके लोक नसतात. भाऊ असतो, चुलता असतो, कधी कधी बापही असतो. घरात ज्याला “खोटे बोलू नकोस” म्हणून शिकवले, त्यालाच आपण खिडकीतून चिठ्ठी देतो. मूल त्या दिवशी गणिताचे उत्तर उतरवून घेते, आणि त्याबरोबर आणखी एक धडा उतरवून घेते. गणिताचे उत्तर ते संध्याकाळपर्यंत विसरते. दुसरा धडा विसरत नाही.

चौथी गोष्ट मारण्याची. आजही एखादे आजोबा नातवाला घेऊन येतात आणि म्हणतात, “सर, चमडी तुमची, हाडे आमची. हवा तेवढा झोडा.” या विश्वासाबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, पण हा अधिकार मला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्याला मनाई केली आहे. आणि कायदा नसता तरी माझा अनुभव हाच आहे की छडीच्या भीतीने आलेली शिस्त छडी दिसेनाशी झाली की संपते. मला तुमच्या मुलाची चमडीही नको, हाडेही नकोत. त्याची वही मला दाखवा, तेवढे पुरे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी थोडे. शाळेची शिस्त म्हणजे गणवेशाची इस्त्री नव्हे. घंटा झाल्यावर वर्गात असणे, शिपाईमामांना नावाने हाक न मारता मामा म्हणणे, वर्गातील मुलींना निर्धास्तपणे उत्तर देता येईल असे वागणे, आणि येत नसेल तर “सर, मला आले नाही” असे उभे राहून सांगणे, ही शिस्त आहे. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. त्या माजी विद्यार्थ्याने पाच वर्षांत एकदाही मला सांगितले नाही की त्याला लिहिता येत नाही. त्याला माझी लाज वाटत होती. तशी लाज तुम्ही बाळगू नका. न येणे हा गुन्हा नाही. लपविणे हे नुकसान आहे. तुमच्या घरातली बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, त्यात उर्दू आणि इंग्रजीही आहे. चार वाटा एकदम चालायच्या म्हणजे पाय अडखळणारच. अडखळला तर हात पुढे करा.

केवळ उपदेश करून खाली बसणे मला शोभणार नाही. म्हणून मुख्याध्यापकांच्या संमतीने माझ्या विषयापुरते तीन शब्द देतो. येत्या जूनपासून अंतर्गत गुणांची माझी नोंदवही कोणत्याही पालकास पाहता येईल. कोणत्या दिवशी काय ऐकले, काय तपासले आणि किती गुण दिले, हे त्यात लिहिलेले असेल. दुसरे, दर शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास मी वर्गात थांबेन. ज्याला वाचायला, लिहायला अडचण आहे त्याने यावे. कोणाचेही नाव फलकावर लागणार नाही. तिसरे, माझ्या हातून न कमावलेला एकही गुण कोणाला मिळणार नाही, आणि कमावलेला एकही बुडणार नाही.

यामुळे आपला निकाल पहिल्या वर्षी कदाचित खाली येईल. तेव्हा सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी आणि आपण सर्वांनी धीर धरावा, एवढीच माझी विनंती आहे. पालकांकडून मी फार मागत नाही. रात्री जेवणानंतर अर्धा तास घरातील टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा आणि मुलाला मोठ्याने एक पान वाचायला सांगा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी हरकत नाही. ऐका. ऐकणारे कान असले की वाचणाऱ्याची जीभ सुधारते.

जाता जाता त्या मुलाविषयी सांगतो. तो दाखला घेऊन गेला. दोन महिन्यांनी पुन्हा आला, या वेळी बँकेचा एक अर्ज घेऊन. तो त्याने घरूनच भरून आणला होता. मला फक्त चुका पाहायला सांगितल्या. सात चुका होत्या. मी त्या दाखवल्या आणि त्याने माझ्यासमोर दुरुस्त केल्या. त्या कागदावर मला गुण द्यायचे नव्हते. पण द्यायचे असते, तर ते त्याने स्वतः कमावलेले असते.