अळिवाचे तेल आणि पेशीची भिंत

मराठी घरांत बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची प्रथा जुनी आहे. भिजवलेले अळीव, नारळाचा चव आणि गूळ, एवढीच त्यांची सामग्री. आईला दूध भरपूर यावे, तिचे अंग भरून यावे, हा त्यामागील हेतू. या इवल्याशा लाल बियांत तेलही असते. बीच्या वजनाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा. ते तेल पोटात गेल्यावर शरीराच्या घडणीत कोठे जाऊन बसते, या प्रश्नाचा पाठपुरावा म्हैसूरमध्ये झाला. वडियार राजघराण्यातील एका राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तेथील दिवाकर, लोकेश, नायडू आदी संशोधकांनी अळिवाचे तेल आठ आठवडे उंदरांच्या आहारात घातले आणि २००८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते समजून घेण्यासाठी प्रथम पेशीच्या भिंतीकडे वळले पाहिजे.

भिंत हा शब्द येथे सोयीपुरताच घ्यावयाचा. पेशीभोवतीचे पटल मिलिमीटरच्या चार-पाच दशलक्षांश भागाइतके पातळ असते, आणि ते दगडविटांसारखे स्थिर नसून तेलासारखे प्रवाही असते. फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावावी तसे त्यात मांडलेले असतात. प्रत्येक रेणूला पाण्याकडे तोंड करून राहणारे एक डोके आणि पाण्यापासून दूर दडणारी दोन शेपटे असतात. ही शेपटे म्हणजेच मेदाम्ले. संपृक्त मेदाम्ल सरळ काडीसारखे असते; अशा काड्यांची मोळी घट्ट बांधली जाते. असंपृक्त मेदाम्लाला द्विबंधाच्या जागी बाक असतो, त्यामुळे मोळी सैल राहते. थंडीच्या दिवसांत खोबरेल बाटलीत गोठते आणि अळिवाचे किंवा जवसाचे तेल मात्र पातळच राहते, त्याचे कारण हेच. पटल फार घट्ट झाले तर त्यातील प्रथिनांची हालचाल अडते. फार सैल झाले तर त्यातून नको ते झिरपते.

आता आहारातील तेलाचा प्रवास पाहू. आतड्यात तेलाचे तुकडे होतात, आतड्याच्या पेशी ते पुन्हा जोडतात आणि सूक्ष्म कणांच्या रूपाने लसिकेवाटे रक्तात पाठवतात. केशवाहिन्यांच्या कडेला बसलेले एक विकर या कणांतून मेदाम्ले सुटी करते. मेदाम्ल पेशीच्या पटलातून काही अंशी आपोआप सरकते, काही अंशी विशिष्ट प्रथिने त्याला हात देतात. कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. आत शिरताच मात्र ते को-एन्झाइम ए या रेणूशी जखडले जाते. या कामी पेशी आपली ऊर्जा खर्च करते, आणि मग त्या मेदाम्लाला सहजासहजी परत फिरता येत नाही. ते जाळावयाचे, साठवावयाचे की बांधकामास लावावयाचे, हे त्यानंतर ठरते.

बांधकामाची रीत अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ यूजीन केनेडी यांनी १९५०च्या दशकात उलगडली. त्यांच्या शोधाला अशुद्ध द्रव्याचा उपकार झाला, ही गोष्ट गमतीची आहे. एटीपीचा साधा, अशुद्ध नमुना वापरला की प्रयोग यशस्वी होई. शुद्ध स्फटिकरूप नमुना घेतला की फसे. शोध घेता अशुद्ध नमुन्यात सीटीपी नावाचा दुसराच रेणू मिसळलेला आढळला, आणि फॉस्फोलिपिडाचे डोके बसवण्यासाठी तोच लागतो हे सिद्ध झाले. पण या रीतीने तयार झालेल्या रेणूंची शेपटे आणि प्रत्यक्ष पटलातील शेपटे जुळत नव्हती. १९५८ साली विल्यम लँड्स यांनी त्याचा उलगडा केला. पेशी तयार रेणूतील एक शेपूट छाटते आणि त्या जागी दुसरे बसवते. साधारणपणे एका टोकाला संपृक्त आणि मधल्या जागी असंपृक्त मेदाम्ल, अशी ही निवड असते. शिंप्याने कपडा आधी बेतशीर शिवून घ्यावा आणि मग अंगावर चढवून उसवावा-टाचावा, तसा हा प्रकार आहे. या दुरुस्तीच्या वेळी जे मेदाम्ल जवळ असेल तेच लावावे लागत असल्यामुळे आहाराची छाप पटलावर उमटते.

अळिवाच्या तेलात सुमारे एक-तृतीयांश भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. म्हैसूरच्या प्रयोगात हे तेल खाणाऱ्या उंदरांच्या यकृतात त्या आम्लाचे प्रमाण वाढलेच, शिवाय त्यापासून शरीरात घडणारी इपीए आणि डीएचए ही लांब मेदाम्लेही वाढली. लिनोलेइक आणि अॅराकिडोनिक आम्ले घटली. डीएचए हे मेंदूच्या आणि डोळ्यातील दृष्टिपटलाच्या पेशींना फार लागते, आणि बाळाचा मेंदू ते गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत व जन्मानंतर वेगाने साठवतो. तेव्हा लाडवाचे माहात्म्य सिद्ध झाले, असे म्हणण्याचा मोह होतो.

तो आवरावयास हवा. उंदराचे यकृत हे रूपांतर मनुष्याच्या यकृतापेक्षा बऱ्याच तत्परतेने करते. तरुण स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक होत असले तरी एकूण प्रमाण तुटपुंजेच. अमेरिकेत अंगावर पाजणाऱ्या मातांना चार आठवडे जवसाचे तेल देऊन पाहिले गेले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुधातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल वाढलेले दिसले, डीएचए वाढले नाही. ते तयार स्वरूपात मिळते मासळीतून आणि सागरी शैवालातून. कोकणातल्या बांगडा खाणाऱ्या आईची आणि देशावरच्या शाकाहारी आईची स्थिती या बाबतीत सारखी नाही. लाडवातील नारळाच्या स्निग्धांशाचे तर पटलात फारसे काही जात नाही. त्यातील लहान मेदाम्ले बहुतांशी इंधन म्हणून जळतात.

आणखी एक अडचण आहे. लिनोलेइक व अल्फा-लिनोलेनिक या दोन्ही आम्लांचे रूपांतर तीच विकरे करतात, त्यामुळे त्यांच्यात स्पर्धा लागते. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते आणि अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ नसतेच. ज्या घरात रोजचा स्वयंपाक करडईच्या तेलात होतो, तेथे लाडवातल्या चमचाभर अळिवाला या गर्दीतूनच वाट काढावी लागते.