एकच न्यायासन, दोन वाटा

सन १८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली निवर्तले आणि मुंबई उच्च न्यायालयातील त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. तेलंग वकिलीतून आलेले. रानडे खालच्या न्यायालयांतील दीर्घ सेवेतून. वाटा दोन, पण आसन एकच; आणि त्या आसनावरून दिलेल्या दोघांच्याही निकालास कायद्याच्या दृष्टीने सारखेच वजन.

भारतीय संविधानाच्या २१७व्या अनुच्छेदाने हेच दोन मार्ग कायम ठेवले: दहा वर्षे न्यायाधिकाराचे पद, किंवा उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली. शपथ एक, वेतन एक, निवृत्तीचे वय ६२, तेही सर्वांस एक. मग भेद उरला कोठे? तो निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी प्रकट होई.

१९५४च्या कायद्याने दोन्ही वर्गांच्या निवृत्तिवेतनाचे हिशेब निरनिराळे ठरविले. प्रथम तक्रार केली ती वकिलीतून आलेल्यांनी. ऐन प्रौढपणी न्यायासनावर येणाऱ्यास सेवेची वर्षे थोडीच मिळतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य करून वकिलीची दहा वर्षे त्यांच्या सेवेत मिळविण्यास सांगितले. परंतु पारडे आता दुसरीकडे झुकले. जिल्हा न्यायालयांत उमेदीची सारी वर्षे वेचलेल्या न्यायाधीशांच्या पदरी कित्येकदा कमी रक्कम पडू लागली. कोणाच्या बाबतीत दोन नेमणुकांमधील अल्प खंड आड आला, तर कोणाच्या बाबतीत नवी अंशदायी निवृत्तिवेतन योजना.

येथे एक शंका रास्त आहे. ज्याने तेरा वर्षे काम केले आणि ज्याने तीन वर्षे केले, त्या दोघांस सारखेच द्यावे काय? साध्या चाकरीत हा प्रश्न बिनतोड ठरेल. परंतु उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद ही चाकरी नव्हे. ते संविधानाने निर्मिलेले पद आहे. नेमणुकीचा मुहूर्त उमेदवाराच्या हाती नसतो, आणि कागदपत्रे रेंगाळल्यामुळे पडलेल्या खंडाचा दोष त्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. शिवाय २२०व्या अनुच्छेदान्वये कायम न्यायाधीशास निवृत्तीनंतर आपल्याच उच्च न्यायालयात वकिली करता येत नाही. इतर उच्च न्यायालयांचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे दार मोकळे असते खरे. पण ज्याने आयुष्यभर कधी अशील जोडले नाहीत, त्यास त्या दाराचा उपयोग तो काय? त्याचा खरा आधार निवृत्तिवेतन हाच.

१९ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने हा वाद मिटविला. निवृत्त मुख्य न्यायाधीशांस वर्षास १५ लाख रुपये आणि इतर न्यायाधीशांस १३ लाख ५० हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन द्यावे. मग ते कोणत्याही मार्गाने आलेले असोत, कायम असोत वा अतिरिक्त. नव्या योजनेत न्यायाधीशांनी भरलेली रक्कम त्यांस लाभांशासह परत करावी, असेही पीठाने सांगितले. दिवंगत न्यायाधीशांच्या कुटुंबीयांचाही विसर पडला नाही: अतिरिक्त न्यायाधीशाच्या विधवेस वा विधुरास कायम न्यायाधीशाच्या कुटुंबाप्रमाणेच लाभ मिळावा, असे ठरले.

ह्यात निवृत्तांचे हित आहेच; पण पक्षकाराचे हित त्याहून मोठे आहे. ज्या न्यायाधीशास उद्याच्या भाकरीची चिंता नाही, त्यास आज कोणाच्या मर्जीकडे पाहण्याचे कारण नाही. इतरांस समानतेचा न्याय देणाऱ्या घरात ती समानता उंबरठ्याच्या आतही नांदली पाहिजे.